जुने स्पीकर, नवे कपॅसिटर: ‘आवाज वाढवून देतो’ म्हणू नका, ‘आवाज परत आणून देतो’ म्हणा

मागच्या व्हिडिओत आपण घरबसल्या सुरू करता येणारे दुरुस्तीचे व्यवसाय बघितले. त्यातल्या एका कामाबद्दल आज सविस्तर बोलू. जुने स्पीकर, अँप्लिफायर आणि व्हॉल्व्हचे रेडिओ यांचे कपॅसिटर बदलून देणं. भांडवल कमी लागतं आणि जागा टेबलाएवढी पुरते. ग्राहकही आहेत. वडिलांचा मर्फी रेडिओ किंवा ऐंशीच्या दशकातला सोनोडाइनचा सेट माळ्यावर टाकून देणं अनेकांच्या जिवावर येतं.

पण या धंद्यात एक खड्डा आहे आणि मी स्वतः त्यात पडलोय. आधी तो सांगतो.

माझी चूक

सुरुवातीच्या काळात एक निवृत्त काका दोन जुने स्पीकर घेऊन आले. म्हणाले, “आवाज दबल्यासारखा येतो.” मी उघडून बघितलं. आत साधे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर होते. मी छातीठोकपणे म्हणालो, “काका, भारीतले फिल्म कपॅसिटर टाकतो, आवाज दुप्पट खुलेल!” टाकले, पैसे घेतले, जुने कपॅसिटर कचऱ्यात टाकले.

आठ दिवसांनी काका परत आले. “अरे, आवाज टोचतोय. गाण्यातला प्रत्येक ‘स’ कानात घुसतो. मला नवीन काही नको होतं रे, माझं जुनं हवं होतं.”

मी निरुत्तर झालो. जुने भाग मोजले नव्हते, जपून ठेवले नव्हते. नेमकं काय बदललं हे मलाच सांगता येईना. शेवटी अंदाजाने दुरुस्त केलं, तेही फुकट. त्या दिवशी एक गोष्ट पक्की झाली: या कामात आपण कपॅसिटर विकत नाही, भरवसा विकतो. आणि भरवसा टिकवायचा असेल तर आधी मोजावं लागतं.

कपॅसिटर म्हातारा का होतो?

इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरमध्ये अ‍ॅल्युमिनियमची पातळ पत्री, तिच्यावर ऑक्साइडचा थर आणि ओलसर रसायन असतं. वर्षानुवर्षं हे रसायन रबरी बुचातून हळूहळू उडून जातं. मग दोन गोष्टी होतात. क्षमता घटते आणि आतला रोध वाढतो. या रोधाला आपल्या भाषेत ईएसआर म्हणतात.

उष्णता हा त्याचा मोठा शत्रू. ढोबळ नियम असा की तापमान १० अंशांनी कमी झालं की आयुष्य साधारण दुप्पट होतं. म्हणून हीटसिंकला चिकटलेला कपॅसिटर आधी जातो. नवीन घेताना ८५ ऐवजी १०५ अंशांचा घ्या.

फिल्म आणि सिरॅमिक कपॅसिटर सहसा असे वाळत नाहीत. त्यामुळे ‘सगळेच बदलून टाकू’ म्हणणारा कारागीर ग्राहकाचे पैसेही घालवतो आणि नाजूक प्रिंटची वाटही लावतो.

कुठे काय बिघडतं?

*स्पीकरमध्ये.* क्रॉसओव्हरमधला कपॅसिटर ट्विटरकडे फक्त वरचे सूर जाऊ देतो. ८ ओहमचा ट्विटर आणि ४.७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर असेल, तर तो सुमारे ४,२०० हर्ट्झपासून वरचे सूर सोडतो. तोच वाळून ३ मायक्रोफॅरडवर आला, की हा आकडा ६,६०० च्या आसपास जातो. मधले सूर गायब! ‘आवाज दबला’ म्हणतात त्यामागे अनेकदा हे कारण असतं.

*अँप्लिफायरमध्ये.* पॉवर सप्लायचा मोठा कपॅसिटर थकला की स्पीकरमधून सतत ‘हम्म्’ येतं. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणून ही घरघर बहुधा १०० हर्ट्झची असते.

*व्हॉल्व्हच्या रेडिओत.* इथे कागदी कपॅसिटर गळतात. आउटपुट व्हॉल्व्हच्या ग्रिडला जोडलेला कपलिंग कपॅसिटर गळू लागला, की व्हॉल्व्ह भरमसाट करंट ओढतो. मग व्हॉल्व्ह जातो, आउटपुट ट्रान्सफॉर्मरही जळू शकतो. म्हणून माळ्यावरचा रेडिओ ‘चालतो का बघू’ म्हणून थेट प्लगला लावू नका.

आणि प्रत्येक तक्रार कपॅसिटरची नसते. व्हॉल्यूम फिरवताना खरखर येत असेल तर बटणाखालचा कंट्रोल साफ करा. स्पीकरच्या कोनाभोवतीचा फोम कुजून तुटला असेल तर कपॅसिटर बदलून काही होणार नाही.

निवडीचे सहा नियम

१. क्षमता मूळ आकड्याएवढीच. क्रॉसओव्हरमध्ये तर काटेकोर, आणि डाव्या-उजव्या स्पीकरची जोडी मोजून जुळवायची.

२. व्होल्टेज मूळ आकड्याएवढं किंवा जास्त. कमी कधीच नाही.

३. क्रॉसओव्हरमध्ये नॉन-पोलर किंवा फिल्म. प्लस-मायनसवाला साधा इलेक्ट्रोलिटिक तिथे चालत नाही.

४. इलेक्ट्रोलिटिकच्या जागी फिल्म टाकला तर त्याचा ईएसआर फार कमी असतो. ट्विटर थोडा मोठ्याने आणि टोचरा वाजू शकतो. अशा वेळी कपॅसिटरच्या सिरीजमध्ये अर्धा ते एक ओहमचा रेझिस्टर टाकून ऐकायचं. काकांच्या स्पीकरला हाच उपाय लागू पडला. सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे मूळचा नॉन-पोलर होता तर नवा, चांगला नॉन-पोलरच लावायचा.

५. पॉवर सप्लायमध्ये ४,७०० च्या जागी २२,००० मायक्रोफॅरड ‘दमदार बेससाठी’ ठोकू नका. सेट सुरू करताना डायोडवर एकदम जास्त करंट येतो. व्हॉल्व्ह रेक्टिफायरच्या रेडिओत तर पहिल्या कपॅसिटरची क्षमता अजिबात वाढवायची नाही.

६. थेट मेनच्या दोन तारांमध्ये कपॅसिटर असेल तर तिथे एक्स-२ दर्जाचा सेफ्टी कपॅसिटरच. तिथे दुसरा लावला तर आगीला निमंत्रण.

खरेदीचं एक सांगून ठेवतो. मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात बुधवार पेठेतली तापकीर गल्ली, दोन्हीकडे माल मिळतो. पण नावाजलेल्या ब्रँडचं लेबल लावलेला नकली मालही बाजारात फिरतो. ओळखीच्या अधिकृत विक्रेत्याकडून, बिलासकट घ्या आणि नवा कपॅसिटरसुद्धा मोजल्याशिवाय लावू नका.

जीव महत्त्वाचा

प्लग काढला तरी कपॅसिटरमध्ये वीज साठलेली असते. व्हॉल्व्हच्या रेडिओत २५० ते ३०० व्होल्ट सहज असतात. स्क्रू ड्रायव्हर टेकवून ठिणगी पाडायची सवय काही जणांना असते. ती सोडा. २.२ किलोओहम, ५ वॉटचा रेझिस्टर चांगल्या इन्सुलेशनच्या वायरने जोडून सावकाश डिस्चार्ज करा. मोठ्या अँप्लिफायरला दोन मिनिटं लागू शकतात. मग मल्टिमीटरने बघा. थोडं थांबून पुन्हा बघा, कारण व्होल्टेज थोडं परत चढतं.

काम झाल्यावर पहिल्यांदा सेट सुरू करताना सिरीज बल्बमधून सुरू करा. बल्ब जुन्या पद्धतीचा फिलामेंटचा हवा, एलईडी नाही. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर बहुधा ठीक. भगभगीत पेटलेलाच राहिला तर आत शॉर्ट आहे, लगेच बंद करा. दिशा बघूनच सोल्डर करा. प्लस-मायनस उलटं झालं तर कपॅसिटर फुटतो.

एकटे असाल तर चालू सेटमध्ये हात घालू नका. व्हॉल्व्हचा रेडिओ एखाद्या अनुभवी कारागिराच्या शेजारी बसून शिका. यात कमीपणा नाही.

दर कसा लावायचा?

स्पीकरच्या एका जोडीचा हिशेब बघू. आकडे फक्त पद्धत दाखवायला घेतलेत, तुमच्या गावचे भाव तुम्ही टाका.

- कपॅसिटर आणि रेझिस्टर: ४८० रुपये
- सोल्डर, गोंद, वायर: १२० रुपये
- मजुरी ४ तास, ताशी २००: ८०० रुपये
- ने-आण: १५० रुपये
- एकूण: १,५५० रुपये
- वॉरंटीसाठी राखीव १० टक्के: १५५ रुपये
- त्यावर नफा २० टक्के: ३४१ रुपये
- ग्राहकाला दर: सुमारे २,०५० रुपये

नवीन मुलं मजुरीचे चार तास धरतच नाहीत. मग महिनाभर राबूनही हातात काही उरत नाही. राखीव रक्कमही विसरू नका, काकांचं काम मी फुकट केलं ते याच खात्यातून जायला हवं होतं. तपासणीचे वेगळे २०० रुपये घ्या आणि काम मिळालं तर बिलातून वजा करा. नुसता फुकट सल्ला विचारणारे आपोआप कमी होतात.

ग्राहकाच्या हातात काय द्यायचं?

एक साधा कागद. त्यावर प्रत्येक कपॅसिटरचा छापील आकडा, काढलेल्या जुन्याचं माप आणि नव्याचं माप. माप घेताना कपॅसिटरचा एक पाय तरी सर्किटपासून सोडवा, नाहीतर आकडा चुकीचा येतो. कधी जुना कपॅसिटर छापील आकड्यापेक्षा जास्तही दाखवतो. खूश होऊ नका, गळती असली की साधं मीटर फसतं.

सोबत काढलेले जुने भाग पिशवीत घालून परत द्या. उघडण्याआधी आणि नंतर फोटो काढा. आणि शेवटी ग्राहकाच्या आवडीचं एक गाणं आधी आणि नंतर, एकाच आवाजाच्या पातळीवर, त्यालाच ऐकवा. मोठ्याने वाजवलं की कुठलाही सेट चांगला वाटतो, ती हातचलाखी आपल्याला करायची नाही.

आणि तपासल्यावर कपॅसिटर ठणठणीत निघाले तर? तसंच सांगा. तपासणीचे पैसे घ्या आणि सेट परत द्या. त्या दिवशी १,८५० रुपये कमी मिळतील. पण तो माणूस पुढची दहा वर्षं तुमचं नाव चारचौघांत सांगेल.

या आठवड्याचा गृहपाठ

१. मल्टिमीटर, एलसीआर मीटर, ईएसआर मीटर, सोल्डरिंग आयर्न, डिसोल्डरिंग पंप आणि सिरीज बल्ब बोर्ड, यांचे तीन दुकानांतून भाव काढा.

२. जुन्या बाजारातून किंवा भंगारवाल्याकडून एक बंद स्पीकर आणा. ग्राहकाच्या वस्तूवर शिकायचं नाही.

३. त्यातले सगळे कपॅसिटर मोजून वर सांगितला तसा कागद तयार करा.

काकांचे स्पीकर पुढे चांगले वाजले. आणि विशेष म्हणजे पुढची तीन गिऱ्हाइकं त्यांनीच पाठवली. प्रत्येकाला मी आधी एकच प्रश्न विचारला: “तुम्हाला नवीन आवाज हवाय, की तुमचा जुना परत हवाय?” तिघांचंही उत्तर एकच होतं. तुम्हीही कामाला हात लावण्याआधी हाच प्रश्न विचारा.

भेटूया पुढच्या भागात. तोपर्यंत शिकत राहा आणि आधी मोजा, मग बोला!