वटवाघळांचे अभ्यासक

दिवस मावळला, की वडावरची वटवाघळे एकेक करून उठतात. कोणी म्हणतो, "अपशकुनी पाखरू!" तासगावचा द्राक्ष-बागायतदार म्हणतो, "माझ्या बागेचा वैरी!" पण काही माणसे वही घेऊन झाडाखाली बसतात. किती उडाली ते मोजतात. ते वटवाघळांचे अभ्यासक.

वटवाघूळ पाखरू नव्हे. ते अंडी घालीत नाही. त्याचे पिल्लू आईचे दूध पिते. बहुतेक जातींत मादी वर्षाला एकच पिल्लू देते. म्हणून एकदा मारली, की त्यांची संख्या लवकर भरून येत नाही.

मोठी वटवाघळे फळे खातात. ती वड, पिंपळ, उंबर यांचे बी दूर नेऊन टाकतात. लहान वटवाघळे किडे खातात. अंधारात ती बारीक आवाज काढतात. तो आपल्याला ऐकू येत नाही. आवाज किड्यावर आपटून परत येतो, आणि किडा कुठे आहे ते त्यांना कळते.

बेळगाव जिल्ह्यात खानापूर तालुका आहे. तिथल्या जंगलात बारापेडे नावाची गुहा आहे. या गुहेत एक दुर्मिळ जात राहते. १९१३ साली शास्त्रज्ञांनी तिला रॉटन या वन-अधिकाऱ्याचे नाव दिले. पुढे कित्येक वर्षे जगात ही एकच गुहा तिचे घर म्हणून माहीत होती. नंतर ती मेघालयात आणि कंबोडियातही सापडली. आता कायद्याने तिला कडक संरक्षण आहे. २०११ साली त्या जंगलाचे भीमगड अभयारण्य झाले. अभ्यासकांनी शोध केला नसता, तर हे कोणाला कळले असते? कोणी गुहेत जाळ केला असता, तर केवढी हानी झाली असती!

"मग आमच्या बागेचं काय?" नुकसान खरे आहे. चांगला अभ्यासक ते नाकारीत नाही, तेही मोजतो. बागेवर जाळी घालणे हा त्यावर उपाय आहे.

"आणि रोगाचं काय?" तेही खरे आहे. सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला एक गुहा आहे. तिथली वटवाघळे २०२० साली पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने पकडून तपासली. काहींत निपाह रोगाच्या खुणा आढळल्या. म्हणून वटवाघळाला हात लावू नये. त्याने कुरतडलेले फळ खाऊ नये. गुहेत धूर करू नये. त्यांना त्यांच्या जागी राहू द्यावे.

मुलाला किंवा मुलीला हे काम आवडले, तर काय शिकावे? बारावीला शास्त्र घ्यावे. मग प्राणिशास्त्राची पदवी घ्यावी. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात पुढचे शिक्षण मिळते. डेहराडूनला भारतीय वन्यजीव संस्थान आहे. वटवाघूळ पकडायचे, तर आधी वनखात्याची परवानगी लागते. पिसाळ रोगाची लस टोचून घ्यावी लागते. रात्र-रात्र जागावे लागते.

पण पाहायला परवानगी लागत नाही. आज संध्याकाळी लांब उभे राहा. तुमच्या वडावरून किती उडतात ते मोजा. तारीख घाला आणि आकडा वहीत लिहा. तुम्हांला आता लिहिता येते.