हात का कापतो?

थंडीने हुडहुडी भरते, भीतीने पाय लटपटतात, संतापाने ओठ थरथरतात. या हालचाली माणूस ठरवून करत नाही. इच्छा नसताना शरीराचा एखादा भाग लयीत हलत राहणे, यास 'कंप' म्हणतात.

कंप म्हणजे रोगच असे नाही. हात पुढे पसरून बोटांवर कागद ठेवा. त्याच्या कडा किंचित हलताना दिसतील. हा सूक्ष्म कंप प्रत्येक निरोगी माणसात असतो. जागरण, थकवा, भय, उपवास किंवा अति चहा-कॉफी यांमुळे तो वाढतो आणि कारण दूर होताच ओसरतो. थंडीतील हुडहुडी तर शरीराचे संरक्षणच होय. स्नायू भराभर आकुंचन पावून उष्णता निर्माण करतात.

काही कंप मात्र टिकून राहतात. अशा वेळी पहिला प्रश्न असा, की हात नेमका केव्हा कापतो? कपबशी उचलताना किंवा सही करताना दोन्ही हात कापत असतील, तर तो 'इसेन्शियल ट्रेमर' असू शकतो. अनेक कुटुंबांत तो पिढ्यान्‌पिढ्या आढळतो. याउलट, मांडीवर स्वस्थ ठेवलेला हात कापतो, काम करू लागताच कंप कमी होतो आणि हालचाली मंदावतात, अशी लक्षणे पार्किन्सनच्या आजारात दिसतात. लंडनचे वैद्य जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये त्याचे वर्णन केले. मेंदूतील डोपामिन हे रसायन तयार करणाऱ्या पेशी नष्ट होत गेल्याने हा आजार होतो. आयुर्वेदात कंपवाताचे वर्णन आहे. त्यावर वापरल्या जाणाऱ्या खाजकुइलीच्या बियांत लेवोडोपा असते, आणि हेच द्रव्य आजच्या उपचारातील प्रमुख औषध आहे. तथापि, या बिया स्वतःच्या मनाने घेणे धोक्याचे असते.

थायरॉइडचे आधिक्य आणि दम्यावरील काही औषधे यांमुळेही हात कापतात. म्हणून निदान डॉक्टरांनीच करावे.

समाज मात्र निदानाची वाट पाहत नाही. बँकेत सही जुळली नाही, पंगतीत आमटी सांडली, की 'घाबरट', 'व्यसनी' असे शिक्के बसतात. अपमानाच्या धास्तीने माणूस चारचौघांत जाणे टाळतो. वास्तविक, मनावरील ताणाने कंप अधिकच वाढतो. म्हणजे हसणारा मनुष्य समोरच्याचा त्रास खरोखर वाढवत असतो. अशा वेळी पेला अर्धाच भरून द्यावा, सहीसाठी पुरेसा वेळ द्यावा आणि हाताकडे न पाहता बोलणे चालू ठेवावे. कापणाऱ्या हातामागचे मन पूर्वीइतकेच स्वाभिमानी असते.

शब्दार्थ
आकुंचन – आखडणे
आधिक्य – प्रमाणापेक्षा जास्त असणे
धास्ती – भीती
निदान – रोगाची ओळख

पाठगत प्रश्न
१. निरोगी माणसातील कंप कोणकोणत्या कारणांनी वाढतो?
२. पाठात वर्णन केलेल्या, टिकून राहणाऱ्या दोन कंपांतील फरक लिहा.
३. 'हसणारा मनुष्य समोरच्याचा त्रास खरोखर वाढवत असतो' हे विधान स्पष्ट करा.