टॉर्चचा उजेड वाढवायचाय? आधी हिशेब बघा

रात्रीच्या विजेवर शेताला पाणी द्यायचं असो की अंधारात गड चढायचा असो, जुन्या टॉर्चमध्ये ताकदवान एलईडी बसवून घेता येतो. सेल-चार्जरसकट, मजुरी सोडून खर्च साधारण १,२०० ते २,१५० रुपये. सामान हाताशी असेल तर काम दोनेक तासांचं.

आधी टॉर्च तपासा. बॉडी ॲल्युमिनियमची हवी, डोकं फिरवून उघडायला हवं आणि आत १८६५० सेल (१८ मिमी जाड, ६५ मिमी लांब) मावायला हवा. प्लॅस्टिकच्या टॉर्चवर पैसे घालू नका. उष्णता बाहेर पडत नाही आणि एलईडी जळतो.

कुठे जायचं? मुंबईत ग्रँट रोड स्टेशनजवळ लॅमिंग्टन रोड, पुण्यात बुधवार पेठ. लॅमिंग्टन रोडची बहुतेक दुकानं रविवारी बंद असतात. टॉर्च सोबत न्या, ड्रायव्हरचा (एलईडीला नेमका प्रवाह देणाऱ्या सर्किटचा) व्यास मोजूनच घ्या. कागदपत्रं लागत नाहीत. बिल मात्र मागून घ्या.

काय, कितीला? भाव अंदाजे आहेत, दर्जानुसार बदलतात. तांब्याच्या पट्टीवरचा एलईडी २५० ते ४५०, ड्रायव्हर १५० ते ३००, रिफ्लेक्टर ८० ते २००, थर्मल पेस्ट आणि किरकोळ सामान १००, सेल ३०० ते ५००, चार्जर ३०० ते ६००. डाग देण्याची मजुरी वेगळी, ती आधीच ठरवा.

क्री कंपनीचा एक्सएम-एल२ एलईडी कमाल ३ अँपिअर घेतो. त्याला आठ ७१३५ चिपांचा ड्रायव्हर पुरतो: प्रत्येकी ३५० मिलिअँपिअर, एकूण २.८ अँपिअर. ३००० एमएएचचा सेल पूर्ण झोतावर जेमतेम तासभर चालेल. लांबचं बघायचं तर गुळगुळीत रिफ्लेक्टर, पायाखालची वाट बघायची तर खडबडीत.

पैसे कुठे बुडतात? सेलवर ९९०० एमएएच छापलं असेल तर तो परत ठेवा. १८६५० मध्ये ३६०० च्या वर फारसं मिळत नाही. वजनही करा. चांगला सेल ४५ ते ५० ग्रॅम भरतो. तांब्याऐवजी ॲल्युमिनियमची पट्टी गळ्यात मारतात, तेव्हा कड खरवडून बघा. परदेशातून मागवलंत तर कस्टम ड्युटी आणि कुरिअरचा हाताळणी आकार वेगळा पडतो.

हे टाळू नका. रिफ्लेक्टरचा धातूचा तळ एलईडीच्या डागांना टेकला की शॉर्ट होतो. मधे इन्सुलेटिंग रिंग घालायला लावा. दुकानातच तीन मिनिटं पूर्ण झोतावर लावून बघा. बॉडी कोमट व्हायला हवी. ती गार राहिली आणि उजेड निळसर पडू लागला, तर उष्णता आतच कोंडतेय. काम परत करून घ्या. संरक्षण सर्किट नसलेला सेल ३ व्होल्टच्या खाली उतरवू नका, फुगलेला किंवा पिचलेला सेल चार्ज करू नका. विमानात सुटे सेल फक्त हातातल्या बॅगेत, टोकं झाकून न्या.

बॉडी धड असेल आणि चार्जर घरात असेल, तर टॉर्च जरूर सुधारून घ्या. सगळं नव्यानं घेऊन बेरीज दोन हजारांपुढे जात असेल, तर वॉरंटीची नवी टॉर्च घेणंच शहाणपणाचं.