आजीकडे वाढणारी लेकरं आणि बाल संगोपन योजना



आपल्या हजेरीपटावर एक-दोन मुलं अशी असतातच, ज्यांच्या पालकसभेला आजी येते, मामा येतो, नाहीतर कोणीच येत नाही. साखऱ्यात माझ्या चौथीच्या वर्गात असाच एक मुलगा होता. वडील वारले, आईनं दुसरं लग्न केलं. आजीला श्रावणबाळ योजनेचे महिन्याला १,५०० रुपये, वर सोयाबीन सोंगणीची आणि हळद काढणीची मजुरी. त्यात दोघांचं भागायचं. दिवाळीनंतर पोरगा आठ-आठ दिवस गैरहजर राहू लागला. घरी गेलो तर आजी म्हणाली, "सर, याला कुठं बोर्डिंगात टाकता येतंय का बघा. माझ्यानं होईना आता."

लेकराला आजी नको होती असं नाही, आजीला लेकरू जड झालं होतं असंही नाही. पैसा पुरत नव्हता, एवढंच. बाल न्याय अधिनियम २०१५ मध्ये स्पष्ट म्हटलंय की मुलाला संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय. मग आधीचा उपाय कोणता? तो आपल्या राज्यात आहे, पण गावात फार कमी जणांना माहीत आहे.

त्याचं नाव क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बाल संगोपन योजना. अनाथ, एक पालक वारलेली, आईवडिलांनी सोडलेली, पालक दुर्धर आजारी किंवा तुरुंगात असलेली १८ वर्षांपर्यंतची मुलं यात बसतात. उद्देश हाच की मूल संस्थेत न जाता घरात, नातेवाइकांकडे वाढावं. आधी महिन्याला ४२५ रुपये मिळायचे, मग १,१०० झाले आणि २०२३ पासून २,२५० रुपये आहेत. केंद्राच्या मिशन वात्सल्यमध्येही प्रायोजकत्व म्हणून ४,००० रुपये आहेत, त्याला ग्रामीण भागात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ७२,००० रुपये. आपल्या मुलाला यातली कोणती लागू होते, ते जिल्हा बाल संरक्षण कक्षात विचारावं.

आजीला हे सांगितलं तर ती गप्पच बसली. मग म्हणाली, "आपल्याच नातवाला सांभाळायचे पैसे घ्यावं का सर? लोक काय म्हणतील?" हा प्रश्न फक्त आपल्या खेड्यातला नाही. अमेरिकेत इलिनॉय राज्य परक्या कुटुंबाला मूल सांभाळायला जास्त पैसे देई आणि नातेवाइकाला कमी. १९७९ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं नातेवाइकांना डावलता येणार नाही असा निर्णय दिला. आजीला मी अमेरिका सांगितली नाही. "पैसे तुमचे नाहीत, पोराचे हायेत," एवढंच म्हणालो. ते तिला पटलं.

कागदपत्रांत मात्र दम निघाला. आधार, वडिलांचा मृत्यू दाखला, तहसीलचा उत्पन्न दाखला, रेशनकार्ड, बँक पासबुक, फोटो आणि शाळेचं बोनाफाईड. अडलं कुठं, तर आमच्याच रजिस्टरमध्ये! पहिलीत नाव घालताना कोणीतरी वडिलांचं नाव हाकेचं लिहिलं होतं, मृत्यू दाखल्यावर वेगळं. त्यापायी आजीची हिंगोलीची एक खेप आणि दिवसाची मजुरी गेली. एका कार्यालयात तर अर्ज न वाचताच "आई जिवंत आहे ना, मग बसत नाही" असं सांगून परत पाठवलं. हे चूक आहे. एक पालक गेलेलं मूल बसतं. तोंडी नकार ऐकून आजी परत येते आणि पुन्हा जात नाही, म्हणून जमलं तर शिक्षकानं एकदा सोबत जावं.

पुढे गृहभेट झाली आणि बाल कल्याण समितीपुढे बोलावणं आलं. आजी घाबरली, "कोरटात कशाला?" समितीला दंडाधिकाऱ्याचे अधिकार असतात खरे, पण तिथं अध्यक्ष आणि चार सदस्य असतात, ते मुलाशी आणि आजीशी बोलतात. मुलाला विचारलं, कोणाकडे राहायचं? तो आजीच्या पदराआड गेला.

आदेश झाला, पण पैसे दर महिन्याला वेळेवर येत नाहीत, कधी काही महिन्यांचे एकदम येतात. हे आजीला आधीच सांगून ठेवलेलं बरं, नाहीतर ती त्या भरवशावर उधारी करते.

जूनमध्ये नवीन प्रवेश घेताना एवढं करा. मूल कोणाकडे राहतं ते विचारून वेगळ्या वहीत लिहा आणि वडिलांचं नाव आधार व मृत्यू दाखल्याशी तिथंच ताडून बघा. आमच्या वहीत यंदा तीन नावं आलीत. त्यातल्या एकीचा अर्ज या सोमवारी जाणार आहे.