कॉइलच्या कव्हरात वाळू शिरते, काय करू?

प्रश्न : समुद्रात पडलेल्या अंगठ्या शोधायला मी मेटल डिटेक्टर वापरतो. कॉइल आणि तिचं खालचं कव्हर यांच्यात वाळू अडकते, मग मशीन उगाच वाजत राहतं. फट सिलिकॉनने बुजवू का?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : जरूर बुजवा, पण आधी कव्हर काढून दोन्ही भाग गोड्या पाण्याने धुवा आणि पूर्ण वाळवा. तुमच्याकडच्या काळ्या वाळूत इल्मेनाइट असतं. त्याचे कण आत राहिले तर कॉइल फिरवताना सरकतात आणि खोटा आवाज देतात. सिलिकॉन न्यूट्रल क्युअर प्रकारचंच घ्या. व्हिनेगरसारखा वास येणारं तांब्याला खातं. कडेने पातळ रेघ ओढून 24 तास सुकू द्या.

खरी काळजी घ्यायची ती केबल कॉइलमध्ये शिरते त्या जागेची. तिथल्या कवचाला केसाएवढी चीर असली आणि उन्हात तापलेली कॉइल तुम्ही थेट पाण्यात घातलीत, की आतली हवा आकसते आणि खारं पाणी आत ओढलं जातं. म्हणून कॉइल आधी सावलीत निवू द्या. चीर दिसलीच तर वाळवून इपॉक्सी भरा. आणि हो, कॉइल वॉटरप्रूफ असली तरी कंट्रोल बॉक्स तसा असेलच असं नाही. मॅन्युअलमधली खोलीची मर्यादा पाहूनच पाण्यात उतरा.