औषध कशासाठी?

डॉक्टरांच्या चिठ्ठीत बहुधा चार गोष्टी असतात: औषधाचे नाव, त्याची मात्रा, ते केव्हा घ्यावे आणि किती दिवस घ्यावे. ते कोणत्या दुखण्यावर आहे, ही पाचवी गोष्ट क्वचितच आढळते. ती लिहिणे किती अगत्याचे आहे, हे आम्ही या पाठात दाखवू इच्छितो.

पहिले कारण असे की, पुष्कळ औषधांची नावे एकमेकांसारखी असतात. हायड्रॅलाझीन हे रक्तदाबावरचे औषध आणि हायड्रॉक्सिझीन हे खाजेवरचे. अक्षर घाईचे असले म्हणजे एकाच्या जागी दुसरे दिले जाण्याचा संभव असतो. परंतु नावापुढे "रक्तदाबासाठी" असा शब्द असेल, तर दुकानदार लागलीच थांबेल.

दुसरे कारण असे की, एकच औषध निरनिराळ्या रोगांवर निरनिराळ्या रीतीने देतात. मेथोट्रेक्सेट हे आमवातावर आठवड्यातून एकदाच, अल्प मात्रेत घ्यावयाचे असते. काही कर्करोगांवर ते पुष्कळ अधिक मात्रेत देतात. आमवाताच्या रोग्यांनी चुकून ते रोज घेतल्यामुळे तोंडास फोड येऊन, रक्त तयार होणे मंदावून, कित्येकांना प्राणास मुकावे लागले आहे. "आमवातासाठी, दर सोमवारी एकदाच" एवढे शब्द अशा ठिकाणी जीव वाचवू शकतात.

तिसरे कारण रोग्याविषयीचे आहे. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्यास रक्ताची गुठळी पुन्हा होऊ नये म्हणून अ‍ॅस्पिरिनची लहान गोळी रोज देतात. तेच औषध मोठ्या मात्रेत डोकेदुखीवरही चालते. कारण ठाऊक नसलेला मनुष्य "माझे डोके तर दुखत नाही" असे म्हणून ती गोळी सोडतो आणि स्वतःस धोक्यात घालतो.

भारतात २०१६ साली वैद्यक परिषदेच्या नियमात असे घालण्यात आले की, डॉक्टरांनी औषधाचे मूळ नाव सुवाच्य, शक्य तर मोठ्या अक्षरांत लिहावे. हे चांगलेच झाले. परंतु सुवाच्य नावावरूनही कारण कळतेच असे नाही.

कोणी म्हणेल, रोगाचे नाव कागदावर आले तर ते चारचौघांत उघड होईल. ही शंका रास्त आहे. क्षय किंवा मनाचे दुखणे यांविषयी रोग्याची इच्छा विचारूनच लिहावे. मात्र त्याला स्वतःला कारण तोंडी सांगितलेच पाहिजे.

आमच्या प्रचारक बंधूंना गावकरी पुष्कळदा चिठ्ठी वाचून दाखवावयास सांगतात. त्यांनी औषधाच्या नावावरून रोगाचा तर्क करू नये. दवाखान्यातून निघण्यापूर्वीच प्रत्येक औषधाविषयी "हे कशासाठी?" असे डॉक्टरांस नम्रपणे विचारावे व उत्तर चिठ्ठीवर लिहून मागावे, असे लोकांस शिकवावे.

अभ्यासासाठी प्रश्न: १. चिठ्ठीत कोणती पाचवी गोष्ट असावी? २. आमवाताच्या रोग्याने मेथोट्रेक्सेट रोज घेतल्यास काय होते? ३. आपल्या घरातील प्रत्येक औषध कशासाठी आहे, हे आपणांस सांगता येते काय?