नको तिथे उघडणारा मेनू

प्रश्न : दुकानाच्या बिलांसाठी सी शार्पमध्ये विंडोज फॉर्म्सचं छोटं अ‍ॅप्लिकेशन केलंय. यादीत रिकाम्या जागी राइट-क्लिक केलं तरी ‘बिल रद्द करा’चा मेनू उघडतो. तो फक्त ओळीवरच कसा आणायचा?

उत्तर : मेनू तुम्ही अख्ख्या लिस्टव्ह्यूला जोडलाय, म्हणून तो कुठेही उघडतो. ती जोडणी मात्र काढू नका. बरेच जण ती काढून माउसअपमध्ये स्वतः मेनू दाखवतात. मग शिफ्ट-एफ१० मुकं होतं आणि कीबोर्डवरच बिलं फाडणारा माणूस वैतागतो.

त्याऐवजी मेनूचा ‘ओपनिंग’ इव्हेंट पकडा. ‘सिलेक्टेडआयटम्स’चा ‘काउंट’ शून्य असेल, तर ‘ई.कॅन्सल’ ट्रू करा. मेनू उघडणारच नाही. एवढी एकच ओळ पुरते.

जवळजवळ पुरते, म्हणू या. कॉलमच्या शीर्षकावर राइट-क्लिक केलं तर आधीची निवड तशीच राहते आणि मेनू येतो. मी अशा वेळी ओपनिंगमध्येच मजकूर बदलतो : ‘बिल ४१२ रद्द करा’. कुठलं बिल उडणार, ते निदान डोळ्यांसमोर असतं.